तरी परवानगी मिळावी

सोबत जोडले आहे:

श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. सोडा.

वाचनालयाचं पिवळं कार्ड, सभासद मेलेला.

शनिवारची चार दहाची बस. रविवारची सहा चाळीसची, उलट दिशेची.

ओल्या कागदावर मांडलेल्या शंभर बिया. आठव्या दिवशी मोजायच्या, किती उगवल्या ते.

इस्त्रीवाल्याला लिहिलेलं पत्र. सुरुवात "महोदय" अशी.

सत्त्याण्णव.

"तरी" हा शब्द.

विषय:

मधली जिना उतरून खाली आली तेव्हा तिच्यावाचून तिचा विषय सुरू झाला होता.

जेवणाच्या टेबलावरच्या ताटल्या उचलून सूनबाईने तिथे फाइल पसरली होती. सूनबाई म्हणजे दादाची सून. नोकरदारांचे खटले चालवणारी वकील, आणि या खटल्यात आपल्या आतेसासूची वकील. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे सासऱ्याशी तिचं बोलणं थेट व्हायचं, मध्ये कुणी उशी धरायला नसायचं. दादा टेबलाच्या टोकाला ताठ बसला होता, हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं बसायचा तसाच. वहिनी शेंगा सोलत होती. चष्म्याचं दुकान एक दिवस बंद ठेवून धाकटी आली होती, म्हणजे तिला काहीतरी बोलायचं होतं. आणि खिडकीपाशी, बॅग भरून शेजारी ठेवून, मधलीचा नवरा वर्तमानपत्र वाचत होता. निदान पानं तरी उलटत होता.

"आली बघा फिर्यादी," धाकटी म्हणाली.

"बस गं," वहिनीने शेंगांची परात सरकवून जागा केली.

संदर्भ:

सत्तावीस वर्षं मधली सरकारी इस्पितळात लोकांच्या हाडांचे फोटो काढत होती. त्यांतली एकोणीस वर्षं तिचा नवरा पाच तासांवरच्या गावात, बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत. शनिवारी यायचा, रविवारी जायचा. घरात त्याचं नावच शनिवार पडलं. तोही त्या नावाला ओ द्यायचा. बदलीसाठी दोघांनी मिळून सात अर्ज केले. सातही दादाने लिहिले, सातही परत आले.

मग नियम सापडला. वीस वर्षं सेवा झालेल्या माणसाने तीन महिन्यांची नोटीस द्यावी. तेवढ्या मुदतीत खात्याने लेखी नकार कळवला नाही, तर मुदत संपेल त्या दिवशी माणूस आपोआप मोकळा.

अर्ज गेला. नव्वद दिवस कागद जागचा हलला नाही. नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी मधलीने शिशाचा एप्रन खुंटीला लावला, किल्ल्या अधीक्षकांच्या टेबलावर ठेवल्या, आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी ती गेली नाही. सत्त्याण्णवाव्या दिवशी पत्र आलं: आपली विनंती लोकहितास्तव अमान्य करण्यात येत आहे. एकशे चौथ्या दिवशी दुसरं: विनापरवानगी गैरहजर का आहात, खुलासा करावा.

ती कोर्टात गेली. खात्याने दीड पानी उत्तर दिलं. अर्जदार बाईंनी नोटीस दिलेलीच नाही, त्यांनी विनंती केली आहे. त्यांच्याच अर्जाची शेवटची ओळ पाहावी: "तरी स्वेच्छानिवृत्ती घेण्यास परवानगी मिळावी ही नम्र विनंती."

"नोटिशीला मुदत असते," सूनबाईने तेव्हा समजावून सांगितलं होतं. "विनंतीला घड्याळच नसतं, आत्या. तीन महिन्यांनी नाही म्हणा, तीन वर्षांनी म्हणा. ते म्हणतात, यांनी परवानगी मागितली, आम्ही दिली नाही, संपलं."

सुनावणी मंगळवारी. हरलं तर वाटा दोनच. माफी मागून पुन्हा हजर व्हायचं आणि उरलेली नऊ वर्षं काढायची, नाहीतर बडतर्फ व्हायचं.

ती शेवटची ओळ दादाने लिहिलेली होती.

महोदय,

"मी काय म्हणते," धाकटीने सुरू केलं, "ताई, रागावू नकोस. पण जा की परत. नऊ वर्षं काय, बघता बघता जातात."

"तुझी गेली असतील," मधली म्हणाली.

"अगं, गावात सरकारी फोटो काढणारी तू एकटी. परवा माझ्या दुकानात एक म्हातारा आला, गळ्यात हात बांधलेला. म्हणे, इस्पितळात मशीन आहे, बाई नाहीत. मला काय बोलायचं सुचेना. लोकहित म्हणतात ते अगदीच खोटं आहे का?"

ते खोटं नव्हतं, हे मधलीला ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यातच तिच्या कानावर आलं होतं, की खुब्याची हाडं मोडलेल्या माणसांना टेम्पोत घालून दुसऱ्या गावी नेतात. ती घरी बसून कांदा चिरत असताना मनात म्हणायची: श्वास घ्या, धरून ठेवा. आपण कुणाला म्हणतोय हे तिलाही कळायचं नाही.

"मशीन दोन आणि माणूस एक," ती शेवटी म्हणाली. "बारा वर्षं मी लिहून देतेय, दुसरं माणूस द्या म्हणून. सत्तावीस वर्षं लोकहित एकटीच्या खांद्यावर ठेवायचं, हा कुणाचा अर्ज होता? माझा नव्हता."

"तो बारा वर्षांचा पत्रव्यवहारही मीच केला," दादा म्हणाला.

"हो ना," धाकटी म्हणाली. "म्हणून तर दुसरं माणूस आलं नाही."

वहिनी हसली आणि हसू शेंगेत दडवायला खाली वाकली. दादाने न ऐकल्यासारखं केलं. भाचरं त्याला पाठीमागे 'मसुदा' म्हणायची हे त्याला ठाऊक होतं. त्याला त्यात वावगंही वाटत नव्हतं.

सूनबाईने पेनाचं टोपण काढलं. "बाबा, आता माझं ऐका. खटला त्या एका ओळीवर अडलाय. ओळ तुमची आहे. मला तुमचं प्रतिज्ञापत्र हवंय."

"काय म्हणून?"

"की हा अर्ज तुम्ही लिहिलात. आत्यांना नोटीसच द्यायची होती. आणि ती शेवटची ओळ तुम्ही सवयीने लिहिता, तिला काही अर्थ नसतो."



"अर्थ नसतो," दादाने शब्द तोलून पाहिले. "तीस वर्षं माझ्या मसुद्याला एकाही वरिष्ठाने लाल शाई लावली नाही. आणि मी शपथेवर लिहून देऊ, की मी निरर्थक लिहितो?"

"निरर्थक नाही हो. एक खोड असते माणसाला."

"खोड!"

"सवय म्हणते मी."

"आधी खोड म्हणालीस."

"अहो, शब्दात काय पकडता," वहिनी म्हणाली.

"शब्दातच पकडलंय त्यांनी हिला," दादा म्हणाला. ते बरोबरच होतं.

मधली भावाकडे बघत होती. इतकी वर्षं रोज संध्याकाळी सव्वासहाला ड्यूटीवरून आली की ती वर न जाता आधी या टेबलाशी बसायची. दादा दिवसभरात लिहिलेलं वाचून दाखवायचा: कुणाचा पाणीपट्टीचा अर्ज, कुणाची शाळेला चिठ्ठी, संपादकाला पत्र. ती चहा पीत ऐकायची आणि शेवटी "छान" म्हणायची. तिने छान म्हटल्याशिवाय पाकीट चिकटवलं जायचं नाही. बहुतेक वेळा तिचं लक्षही नसायचं. पाय दुखत असायचे.

"दादा, तुझ्या शब्दांना अर्थ आहे असं धरलं, तर मी गुलाम ठरते," ती शांतपणे म्हणाली. "नाही असं धरलं, तर तू, सवयीचा. एवढाच हिशेब आहे. तू ठरव."

दादा उठून आतल्या खोलीत गेला.

"झालं," धाकटी म्हणाली. "आता जेवणार नाही दोन दिवस. ताई, तुझं पण काय, गुलाम वगैरे! नाटकात आहेस का?"

"मग तू सांग ना कसं बोलायचं. दुकानात गिऱ्हाइकांशी गोड बोलतेस तसं?"

"गोड बोलल्यावरच चष्मे खपतात, बाई."

खिडकीतून पहिल्यांदाच आवाज आला. "आपण उलटं केलं तर?" शनिवार म्हणाला. "मी सोडतो नोकरी. इकडे येतो."

"तुमचं तीन वेळा बोलून झालंय ते," मधली म्हणाली. "तिथे मागच्या महिन्यात घर बघून ठेवलंत ना? दोन खोल्या आणि अंगण? की ते पण बोलणंच?"

"किल्ली आहे बॅगेत."

"मग वाचा पेपर."

तो वाचू लागला. कान लाल झाले होते.

जोडपत्रे:

आत गेली ती वहिनी. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बिस्किटांचा चौकोनी डबा होता. तिच्या मागून दादा, घाईने.

"त्या स्थळप्रती आहेत," तो म्हणाला. "खाजगी आहेत."

"माहितीय. चाळीस वर्षं त्यांच्यावरची धूळ मी पुसते." वहिनीने डबा सूनबाईपुढे आपटला. "घे. यांनी घरातून गेलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवलीय. ऑफिसातल्यासारखी. बघ तुझ्या उपयोगाचं काही निघतंय का."

"तू कुणाच्या बाजूची?" दादाने बायकोला विचारलं.

"मी शेंगांच्या बाजूची. संपवू दे मला."

सूनबाईने पहिला कागद उचलला, वाचला, मग खाली ठेवून पुन्हा उचलला. ती मोठ्याने वाचू लागली.

"महोदय, आपण माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीचा पूर्ण ठसा उमटवला आहे. तरी यापुढे आपल्याकडे कपडे न देण्यास परवानगी मिळावी ही नम्र विनंती."

धाकटी टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. "इस्त्रीवाल्याकडे परवानगी! दिली का रे त्याने?"

"शिष्टाचार म्हणून असतं ते," दादा म्हणाला.

"थांबा, हे बघा." सूनबाईचा आवाज वकिलीचा झाला होता. "महोदय, आपले चिरंजीव व आमची धाकटी बहीण यांची भेट झाली. आमच्या बहिणीस आपले चिरंजीव पसंत नाहीत. तरी सदर स्थळ नाकारण्यास आपली परवानगी मिळावी ही नम्र विनंती."

धाकटीचं हसणं थांबलं. "कुणाचं हे? तो पाठीला बाक असलेला?"

"तोच," वहिनी म्हणाली. "माणसं कशी होती ती, ठाऊक आहे ना. गळ्यातच पडली होती."

"आणि तू त्यांच्याकडे परवानगी मागितलीस? दादा! ते नाही म्हणाले असते तर?"

"नाही कशाला म्हणतील? नकार हा कळवायचा असतो. तो कळवला."

"कळवला! मग तसं लिहायचं ना!" धाकटीने खुर्ची मधलीच्या बाजूला ओढली. नकळतच ओढली असावी, पण आता टेबलाच्या एका बाजूला दोघी बहिणी होत्या आणि पलीकडे दादा एकटा. "ताई, मी मघाशी म्हटलं ते सोड. याच्या पत्रावर तुझी नऊ वर्षं? याच्या पत्रावर मी त्या बाकदाराच्या घरात असते!"

सूनबाई हसत नव्हती. तिच्या हातात पातळ, पिवळा पडलेला कागद होता, आणि त्याला टाचणीने एक कार्ड लावलेलं.

"आमचे वडील दिनांक नऊ रोजी वारले आहेत. तरी त्यांचे आपल्या वाचनालयाचे सभासदत्व रद्द होण्यास परवानगी मिळावी ही नम्र विनंती."

मधलीला वडिलांचे हात आठवले, पुस्तकाच्या पानात बोट घालून झोपलेले. मग तिला शेजारी बसलेल्या वहिनीचे खांदे हलताना जाणवले, आणि वहिनी रडत नाही हे तिच्या लक्षात यायला क्षण लागला.

"बाबा," सूनबाईने हळूच विचारलं, "समजा वाचनालयाने परवानगी नाकारली असती. लोकहितास्तव. तर आजोबा सभासद राहिले असते?"

दादाने कार्ड तिच्या हातातून घेतलं. उलटं करून बघितलं. रद्दचा शिक्का होता.

"माणूस गेला होता," तो म्हणाला. "त्यात परवानगीचा प्रश्न येतोच कुठे?"

"एवढंच मला कोर्टात सांगायचंय. आत्या गेल्या होत्या. नव्वदाव्या दिवशी. परवानगीचा प्रश्न येत नाही." तिने तिन्ही कागद एकावर एक ठेवले. "हे मी जोडणार. पण यांच्यावर प्रतिज्ञापत्राचं कव्हर लागेल, तुमच्या सहीचं."

मसुदा एक (सूनबाईचा):

"सदर शब्द मी सवयीने लिहितो. त्यांस कोणताही अर्थ नसतो."

दादाने 'कोणताही' खोडलं. मग सगळंच खोडलं.

मसुदा दोन (दादाचा):

"सदर शब्दांस अर्थ असतो, परंतु तो समोरच्यावर बंधनकारक नसतो."

"म्हणजे काय रे?" धाकटी म्हणाली.

"म्हणजे आपण वाकतो, पण आपल्या मर्जीने."

"बाबा, हे न्यायाधीशांनी वाचलं तर ते पुढची तारीख देतील आणि घरी जाऊन झोपतील."

मसुदा तीन (धाकटीचा, तोंडी):

"मी जन्मात एक अर्ज सरळ लिहिलेला नाही."

सगळे हसले. दादासुद्धा, नाकातल्या नाकात. पण सूनबाईचं पेन थांबलं होतं.

"हेच. हेच पाहिजे मला." ती लिहू लागली. "मी प्रतिज्ञेवर कथन करतो, की माझ्या हयातीत, स्वतःसाठी अथवा इतरांसाठी, वरील शब्दांवाचून मी एकही अर्ज लिहिलेला नाही. सबब ते शब्द अर्जदार बाईंच्या इच्छेचे निदर्शक नसून केवळ माझ्या लेखनपद्धतीचे आहेत." तिने मान वर केली. "लेखनपद्धती म्हटलंय, बाबा. खोड नाही."

दादाने कागद स्वतःकडे ओढला. दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"'एकही'," तो म्हणाला.

"'एकही'च लागेल. 'बहुतेक' लिहिलं, तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल, की मग हा अर्ज त्या बहुतेकांत की उरलेल्यांत? खरं आहे ना पण? शपथेवर आहे म्हणून विचारते."

वहिनीच्या शेंगा संपल्या होत्या. ती रिकामी टरफलं परातीत एका बाजूला लोटत होती.

"डबा भरलाय समोर," दादा म्हणाला. "बघ की त्यात."

मधलीला तेव्हा आठवलं ते तिने विचारलं. ठरवून नव्हे.

"दादा, मी तुला कागद दिला होता. फोटोच्या खाकी पाकिटाच्या मागे लिहिलेला. त्यावर एकच ओळ होती. मी तीन महिन्यांनी नोकरी सोडत आहे, ही त्याची नोटीस. तू ती का बदललीस?"

दादा कागदाकडे बघत होता.

"कोरडी वाटली," तो म्हणाला.

"मग मला विचारायचंस."

"वाचून दाखवलं होतं तुला. इथेच. तू छान म्हणालीस."

हेही खरं होतं. सव्वासहाची वेळ होती, पाय दुखत होते, आणि तिने कप खाली ठेवत छान म्हटलं होतं. तिने आत्ता ते आठवून पाहिलं. ओळ आठवली नाही. दादाचा आवाज तेवढा आठवला, जरा नेहमीपेक्षा सावकाश वाचणारा.

"ताई, तू पण ना," धाकटी म्हणाली.

"हो," मधली म्हणाली. "मी पण."

दादाने पेन घेतलं. मग सवयीने थांबला, कागद हातात धरून, बहिणीकडे बघत. ती काय म्हणते याची वाट बघत असल्यासारखा. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं.

"सही कर," मधली म्हणाली.

त्याने सही केली. मोठी, वळणदार, खाली दोन टिंबं. सूनबाईने कागद फुंकला, शाईपेन नसूनही, आणि फाइलमध्ये ठेवला. "उद्या सकाळी शपथ घ्यायला यायचंय तुम्हाला. दहा वाजता. फक्त हो म्हणायचं."

"मला ठाऊक आहे कसं म्हणायचं ते."

खिडकीतला माणूस उठला, वर्तमानपत्र घडी करून मूळ घड्यांवर आणलं आणि बॅग उचलली. मधली त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली. जिन्याच्या तोंडाशी त्याने बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. बस सुटायला अजून तासभर होता, पण त्याला आधी जाऊन जागा धरायची सवय होती.

ती परत आली तेव्हा दादा डब्यात कागद लावून ठेवत होता, तारखेप्रमाणे. वहिनी चहाचं आधण ठेवायला गेली होती. धाकटी निघताना म्हणाली, "मंगळवारी मी दुकान बंद ठेवते. कोर्टात बसायला येते," आणि दादाला म्हणाली, "तुझ्याशी मी नंतर बोलेन."

"बोल की," दादा म्हणाला.

मधली खुर्ची ओढून टेबलाशी बसली. तिची नेहमीची खुर्ची. आतून कपांचा आवाज येत होता.

राहून गेलेला संदर्भ:

याच्या चौदा वर्षं आधी दादाने स्वतःच्या कार्यालयात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला होता आणि सत्त्याऐंशीव्या दिवशी तो मागे घेतला होता. अर्ज एका ओळीचा होता: "मी तीन महिन्यांनी सेवेतून निवृत्त होत आहे, ही त्याची नोटीस."